कागदी पिसं आणि मक्याचं कणीस



संयोजकांचा निरोप होता, "तिकडच्या शाळांबद्दल काहीतरी बोल." मी शिक्षिका नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण अमेरिकेत मुलीच्या बालवर्गात मी सलग दोन वर्षं नोव्हेंबर महिन्यात मदतनीस आई म्हणून जात होते. आपल्या बॅचमधल्या काही जणी बालवाड्या चालवतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून त्या एका वर्गाबद्दल आणि तिथल्या एका सणाबद्दल बोलते. सण म्हणजे थँक्सगिव्हिंग.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. लांब राहणारी मुलं-नातवंडं घरी येतात, टर्की भाजतात, भोपळ्याचा गोड पदार्थ करतात. दिवाळीत आपल्याला रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, तशी तिकडे त्या आठवड्यात विमानाची मिळत नाहीत. बालवर्गात मात्र त्याआधीचे दोन-तीन आठवडे हेच चाललेलं असतं.

सगळ्यात आधी हाताची टर्की. मुलाचा तळहात आणि अंगठा तपकिरी रंगवायचा, चार बोटं चार रंगांनी, आणि पंजा कागदावर दाबायचा. अंगठा झाला मान, बोटं झाली पिसारा. मग पुठ्ठ्याची टर्की. तिच्या पोटावर ५ लिहिलं असेल तर कडेला कपड्यांचे पाच चिमटे लावायचे. आपल्याला वाटतं गणित चाललंय. टीचर म्हणाल्या, मोजणं तर होतंच, पण माझं लक्ष बोटांकडे असतं. चिमटा दाबणारी बोटंच पुढे पेन्सिल धरतात. हे मला फार पटलं.

क्रॅनबेरी नावाचं लाल, आंबट फळ असतं, करवंदाएवढं. ते पाण्यात टाकायचं आणि आधी विचारायचं, बुडेल की तरंगेल? मुलं ओरडतात, बुडेल! ते तरंगतं. मग टीचर सुरीने ते मधोमध कापून आतले हवेचे चार कप्पे दाखवतात. शेतकरीसुद्धा शेतात पाणी भरून, वर तरंगणारी फळं गोळा करतात, हे त्यानंतर सांगायचं. आधी नाही. आणि लोणी! बरणीत अर्ध्यापर्यंत क्रीम भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि गोल बसलेल्या मुलांनी ती हातोहात हलवत फिरवायची. पूर्ण भरली तर आत हिंदकळायला जागा राहत नाही आणि लोणी येता येत नाही. विरजण नाही, रवी नाही, असलं लोणी बघून माझ्या सासूबाईंनी नाक मुरडलं. पण गोळा जमल्यावर त्या पंधरा मुलांचे चेहरे बघायला हवे होते.

हे सगळं उत्तम होतं. अडचण गोष्टीची होती.

गोष्ट अशी सांगतात: यात्रेकरू जहाजातून आले, थंडीत उपाशी होते, इंडियन लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं, मग सगळ्यांनी मिळून जेवण केलं आणि थँक यू म्हटलं. पहिल्या वर्षी अर्ध्या वर्गाला काळ्या कागदाच्या टोप्या आणि अर्ध्या वर्गाला कागदी पिसांचे पट्टे करायचे होते. माझी लेक पिसंवाली. ती तशीच घरी आली आणि व्हिडिओ कॉलवर आजीसमोर उभी राहिली. आजी म्हणाली, "अगं बाई, कृष्ण झालीस का?" लेक म्हणाली, "नाही, इंडियन झालेय." आजी म्हणाली, "ती तर तू आहेसच की!"

रात्री प्रश्न आला, "आई, आपण इंडियन ना? मग त्या लोकांना मका आपल्या आजीने दिला का?"

आता चार वर्षांच्या मुलीला कोलंबस कसा समजवायचा? आमच्या धंद्यात एखाद्या गोष्टीला सुरुवातीला चुकीचं नाव पडलं की ते शेवटपर्यंत निघत नाही, कारण सगळीकडे तेच वापरलेलं असतं. तसंच हे, पाचशे वर्षं जुनं. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्या पक्ष्याचीही तीच गत आहे. इंग्रज त्याला तुर्कस्तानचं नाव देतात आणि तुर्की भाषेत त्याला म्हणतात 'हिंदी'! आणि मका आजीने दिलेला नाहीच, उलट आजीच्या परड्यात तो त्याच खंडातून आलेला. मिरची, बटाटा, टोमॅटोसुद्धा.

हसण्यावारी गेलं असतं. पण दोन दिवसांनी मी वर्गात असताना टीचरनी विचारलं, "ते लोक आता कुठे असतील?" एक मुलगा लगेच म्हणाला, "ते संपले. डायनोसॉरसारखे." कोणी हसलं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. टीचरही गप्प झाल्या.

त्या लोकांचं नाव वॉम्पानोआग. ते आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात. डोक्यावर पिसांचा भरगच्च मुकुट घालणारे लोक वेगळेच, मधल्या मैदानी प्रदेशातले. आणि तिथेही ते पीस कमवावं लागतं, चिकटवता येत नाही. १६२० साली 'मेफ्लॉवर'मधून १०२ प्रवासी आले आणि वसंत ऋतू येईपर्यंत त्यांतले निम्मे मेले. मका शिकवणाऱ्या टिस्क्वांटमला त्याआधी एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला नेलं होतं. तो परत आला तेव्हा त्याचं अख्खं गाव साथीत गेलेलं होतं. प्लीमथची वसाहत त्याच गावाच्या जागेवर उभी राहिली. १६२१च्या जेवणाबद्दल एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात मोजक्या ओळी आहेत: तीन दिवस, वॉम्पानोआगांची नव्वदेक माणसं, त्यांनी आणलेली पाच हरणं. टर्कीचं नावही त्यात नाही. आणि पुढे पन्नासेक वर्षांत, १६७५ला, त्यांच्याच मुलांच्या पिढीत भयंकर युद्ध झालं. १९७० पासून त्याच प्लीमथमध्ये मूळचे लोक त्या गुरुवारी शोकदिवस पाळतात.

दरवर्षी ठरल्या दिवशी देशभर साजरा होणारा सण तर १८६३चा, लिंकनने यादवी युद्ध चालू असताना जाहीर केलेला. त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारी बाई म्हणजे सारा जोसेफा हेल. आपण शाळेत बाईंच्या मागे ओरडत म्हणायचो ते 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' तिचंच!

मी टीचरशी बोलायला थांबले. त्या आधी जरा चिडल्या. म्हणाल्या, "चार वर्षांच्या मुलांना मी साथ आणि युद्ध सांगू?" तेही खरंच. मीही सांगितलं नसतं. पण पुढे दहा वर्षांनी "ते खोटं होतं बरं का" असं ज्याबद्दल सांगावं लागेल, ते आज शिकवायची गरज काय, एवढंच मी विचारलं. मला सण नको नव्हता. लोणी तर हवंच होतं!

पुढच्या वर्षी टोप्या आणि पट्टे गेले. इतिहासाची गोष्टच काढून टाकली असती तर मला वाईट वाटलं असतं. त्यांनी ती बदलली. २०२२ साली एक चित्रपुस्तक आलं होतं, 'कीपुनुमुक'. लिहिणाऱ्यांपैकी डॅनिएल ग्रीनडीअर स्वतः मॅशपी वॉम्पानोआग. त्यात गोष्ट मक्याच्या बाजूने आहे: मका आणि तिच्या बहिणी, घेवडा आणि भोपळा, नव्या माणसांना मदत करायची का ते ठरवतात. मका बाई आहे, हे मुलींना फार आवडलं. या तिघींना तिकडे एकत्रच लावतात: घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. ज्वारीत तूर घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. वर्गात मुलांनी कुंडीत तिन्ही बिया लावल्या. मका वितभर झाला आणि वाळला, नोव्हेंबरच तो. पण घेवडा त्याला वेढा घालताना सगळ्यांनी पाहिला.

मग टीचरनी मॅशपीतल्या बालवाडीबद्दल सांगितलं. वॉम्पानोआग भाषा बोलणारं शंभराहून जास्त वर्षं कोणी उरलं नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड या बाईंनी जुने कागदपत्र आणि १६६३ साली त्या भाषेत छापलेलं बायबल वाचून ती परत उभी केली. त्यांची मुलगी लहानपणापासून ती बोलत वाढली. आता तिथल्या बालवाडीत मुलं त्या भाषेत बोलतात. बालवाडीच्या नावाचा अर्थ, 'मुलांचं घर'. हे ऐकून तोच डायनोसॉरवाला मुलगा म्हणाला, "त्यांच्याकडेपण चिमटे असतात?" टीचर म्हणाल्या, "असतील."

आभाराच्या झाडाचा प्रश्नही टीचरनी बदलला. भिंतीवर कागदी झाड असतं, मूल सांगेल ते पानावर लिहून लटकवायचं. आधी विचारायच्या, "तू कशासाठी आभारी आहेस?" सगळी पानं सारखीच: आई, बाबा, कुत्रा. आता विचारलं, "आज तुझ्यासाठी कोणी काय केलं?" त्यावर एकाने बसचालकाचं नाव घेतलं. एकीने सांगितलं, ताईने माझी चेन लावली. माझ्या लेकीचं उत्तर होतं, आजी रात्री जागते, कारण तिच्याकडे रात्र असते तेव्हा माझ्याकडे सकाळ असते.

'कीपुनुमुक'ची एक प्रत मी आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे, मुख्याध्यापकांकडे देते. इंग्रजी आहे, पण चित्रांवरून मराठीत सहज सांगता येईल. सांगताना जवळ मक्याचं कणीस ठेवा. सोललेलं नको, पाल्यासकट.