कापसाच्या शेतातील सूर

यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघताच कापूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाच्या काळ्या जमिनीने कित्येक पिढ्या कापूस पिकविला, आणि तो बाहेर नेण्यासाठीच यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांचा लोहमार्ग घालण्यात आला. परंतु वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात एकाएकी जी प्रतिष्ठा लाभली, तिचे कारण फार दूरचे होते. १८६१ साली अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत यादवी युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. भाव भडकले, आणि १८६५ साली युद्ध संपताच ते कोसळलेही. ज्या कापसाची जागा वऱ्हाडने काही काळ घेतली, तो कापूस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या व त्यांच्या वंशजांच्या हातांनी वेचलेला होता.

वेचणीचे कष्ट दोन्हीकडे सारखेच. तेच फुटलेले बोंड, तीच वाकलेली पाठ. वऱ्हाडात पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवितात. येथील मजूर सावकाराच्या वहीत अडकलेला असेल. पण त्याचा बाजारात लिलाव होत नव्हता, ही तफावत विसरून दोन्ही दुःखे एका तराजूत घालणे बरे नव्हे. अमेरिकेतील गुलामाची बायको एका गावी व मूल दुसऱ्या गावी विकले जाई. दक्षिणेतील अनेक संस्थानांत त्याला अक्षर शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. ज्याच्यापाशी पोथी नाही, त्याचे गाणे हेच पोथी होते. बायबलातील यार्देन नदी ओलांडण्याचे गाणे तो म्हणे, तेव्हा मालकाला त्यात भक्ती ऐकू येई. गाणाऱ्याच्या मनात पुष्कळदा उत्तरेकडील मुक्त मुलुख असे.

या लोकांच्या गाण्यानाचण्याची करमणूक गोऱ्यांनी केव्हाच करून ठेवली होती. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोरे नट रंगभूमीवर येत व काळ्या माणसाची नक्कल करून प्रेक्षकांना हसवीत. खुद्द काळ्या माणसाला त्या रंगभूमीवर स्वतःचे म्हणून स्थान नव्हते.

अशा वेळी टेनेसी प्रांतातील नॅशव्हिल या शहरी, लष्कराच्या रिकाम्या इस्पितळात, १८६६ साली फिस्क नावाची शाळा उघडली. सात वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या वृद्धांपर्यंत मुक्त झालेले गुलाम तेथे अक्षरे गिरवू लागले. पाच वर्षांतच ती कर्जात बुडू लागली. तेव्हा शाळेचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट हे नऊ विद्यार्थी घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले. पियानो वाजविणाऱ्या एला शेपर्ड हिला बापाने पैसे भरून सोडविले होते. तिच्या आईला विकण्यास मात्र मालकिणीने साफ नकार दिला होता.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. आपल्या आईबापांची गाणी लोकांपुढे म्हणावयास ही मुले राजी नव्हती. ती गाणी त्यांच्या घरची, देवापुढे म्हणावयाची. शिवाय जे दिवस विसरावयाचे त्यांची ती आठवण. म्हणून त्यांनी प्रथम गोऱ्यांच्या परिचयाची गीतेच गायिली. पुढे नोव्हेंबरात ओबर्लिन येथे पाद्र्यांच्या परिषदेपुढे त्यांनी आपले मूळ गीत हलक्या आवाजात आरंभिले, आणि सभा स्तब्ध झाली. तेथून दौऱ्याचे रूप पालटले. हॉटेले त्यांना जागा नाकारीत. तरी सभागृहे भरू लागली. १८७३ साली ते व्हिक्टोरिया राणीपुढे गायिले. त्या मिळकतीतून उभारलेली ज्युबिली हॉल ही इमारत १८७६ च्या पहिल्या दिवशी खुली झाली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्याकरिता झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीरावांनी ती अर्पण केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु साम्य अर्पणपत्रिकेपाशी थांबत नाही. पुढे सत्यशोधक मंडळींनी जलसे उभारले. ज्या तमाशाला प्रतिष्ठित समाज नुसती करमणूक, तीही हलकी, समजे, त्याचीच ढोलकी व त्याचाच सवालजबाब घेऊन त्यांनी गावोगाव भटशाही व सावकारी यांवर प्रहार केले. आंबेडकरी जलसे त्याच वाटेने गेले. दुसऱ्याने हसण्यासाठी राखलेली कला तिच्या मूळ धन्यांनी साक्षीसाठी उभी केली, हे नॅशव्हिलमध्येही घडले आणि महाराष्ट्रातही.

फिस्कच्या परंपरेतील गायकांचा एक ताफा फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली पुढे जगाच्या प्रवासास निघाला, हिंदुस्थानात आला आणि आग्र्याच्या ताजमहालातही गायिला. त्या सुरांना वऱ्हाडच्या कापसाचे नाते कोणी सांगितले असेल, असे मात्र वाटत नाही.

बोलपट आला तरी काजळीची प्रथा लगेच सुटली नाही. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ या गाजलेल्या चित्रपटाचा नायक तोंड काळे करूनच गातो. पॉल रोबसन हा पळून सुटलेल्या गुलामाचा मुलगा. त्याने १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये या गीतांची मैफल केली; पण पडद्यावर त्याच्या वाट्याला साम्राज्याची वाखाणणी करणारा ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ आला, आणि पुढे त्याने त्या चित्रपटाचा उघड धिक्कार केला. आज विद्यापीठांच्या आवारात आफ्रिकी वंशाच्या कलावंतांवरील चित्रपटांचे महोत्सव भरतात, तेव्हा प्रेक्षकांनी हा झगडा ध्यानी ठेवून ते पाहावे.

फिस्कच्या आवारातूनच १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस पदवीधर होऊन बाहेर पडले. १९०३ साली त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या गीतांची स्वरलिपी छापली आहे आणि शेवटचे प्रकरण सर्वस्वी त्यांनाच वाहिले आहे. १९४६ च्या जुलैत त्यांच्याकडे मुंबईकर पुढाऱ्याचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, पत्र गेले. अस्पृश्य व अमेरिकेतील काळे लोक यांच्या स्थितीत फार साम्य असल्याचे नमूद करून बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाच्या दोनतीन प्रती मागविल्या होत्या; अस्पृश्यांसाठीही तसा अर्ज करावा, असा त्यांचा विचार चालला होता. डुबॉइसांचे उत्तर ३१ जुलैचे आहे. बाबासाहेबांचे नाव व कार्य आपल्या परिचयाचे असल्याचे त्यांनी त्यात कळविले, आणि काळ्यांच्या एका संस्थेने केलेले निवेदन पत्रासोबतच पाठविले.