शेतातील विंचू आणि श्रद्धा

आज प्रतापनगरात घरांच्या रांगा दिसतात. पण राजस्थानातील शेतकरी नांगरणीपूर्वी गोगाजींच्या नावाचा नऊ गाठींचा दोरा नांगराला बांधतो, आणि महाराष्ट्रातील शेतकरी नागपंचमीला नांगर धरीत नाही. ज्यांचे बालपण शेतात गेले, त्यांना याचे कारण विचारावे लागत नाही. पेंढा उचलताना हात कशावर पडेल, याचा भरवसा नसे.

दंश झाल्यावर मात्र प्रश्न निराळा. कोकणात लाल विंचू चावला की रुग्णास प्रथम मांत्रिकाकडे नेत. पुष्कळांची वेदना आपोआप ओसरे व श्रेय मंत्राला मिळे; ज्यांच्या फुप्फुसांत पाणी भरे ते, त्यांत लहान मुलेही, दगावत. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले. सुमारे ४० टक्के मृत्यूंचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. तथापि मंत्र ऐकण्यात गेलेले तास प्राझोसिनलाही परत आणता येत नसत.