ऊसतोड स्त्रिया आणि अकाली रजोनिवृत्ती



बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. डोक्यावर उचलीचे ओझे आणि खाडा पडला की दंड; पाळीचा त्रास एकदाचा संपावा, ही त्यामागची अगतिकता.

चर्चा बहुधा येथेच थांबते. शरीराची हानी थांबत नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. ते राखले तरी ती लवकर येण्याचा संभव वाढतो. अंगातून वाफा येणे, रात्रीचा घाम, निद्रानाश ही तिची जाणवणारी लक्षणे. न जाणवणारा बदल रक्तवाहिन्यांत होतो. इस्ट्रोजेन घटते, अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्या ताठर होतात. ४५ व्या वर्षापूर्वी रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

हृदयरक्षणासाठी सरसकट संप्रेरके देणे हा उपाय नव्हे, हे अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतून २००२ मध्ये दिसले. मात्र अकाली रजोनिवृत्तीत ती साधारण पन्नाशीपर्यंत देण्याचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने होऊ शकतो. हा सल्ला फडावरच्या स्त्रीला कोण देणार?

म्हणून गळीत हंगामापूर्वी व नंतर शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले जावे, असा आग्रह कार्यकर्त्यांनी गावोगावी धरावा. छातीतली कळ आणि धाप ‘वयाचा त्रास’ म्हणून उडवून लावू नयेत. गर्भाशयांची मोजदाद झाली. आता हृदयाची जबाबदारी शासनाने आणि कारखान्यांनी घेतली पाहिजे.