हरलेला दौरा

आमच्या यवतमाळकडे क्रिकेटचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. काळी जमीन वाळते, तिच्यावर मॅट अंथरली जाते आणि वर्गणीवर चालणारा आमचा क्लब जागा होतो. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दौऱ्यावर गेली, पाच सामने खेळली आणि पाचही हरून आली. आता वडीलधारी मंडळी म्हणतात, "पुढल्या वर्षी दौरा नको. पैसे फुकट जातात!"

त्यांना मी एक जुनी हकीकत सांगितली. १८८६ च्या उन्हाळ्यात मुंबईचे हौशी पारशी खेळाडू विलायतेच्या दौऱ्यावर गेले. डॉ. पटेल कप्तान होते. २८ सामन्यांपैकी १ जिंकला, १९ हरले, ८ अनिर्णित राहिले. तरीही १८८८ साली पारशी संघ पुन्हा गेला. या वेळी ३१ पैकी ८ सामने जिंकले, ११ हरले. एकट्या मेहेल्लाशा पावरींनी १७० गडी बाद केले. पुढे १८९० मध्ये मुंबईत व्हर्ननच्या इंग्रज संघाला पारशांनी ४ गडी राखून हरवलं. पहिल्या पराभवानंतर वर्गणी थांबली असती, तर?

आमच्या पोरांना मॅटवर उसळणाऱ्या चेंडूची सवय. हिरवळीच्या खेळपट्टीवर तो खाली राहिला आणि यष्ट्या उडाल्या. ही उणीव घरी बसून कधी कळली असती? वर्गणीची वही सध्या माझ्याकडे आहे. पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे. दुसऱ्या नावाची वाट पाहतो.