विड्यातील सुपारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. समुद्राशी आपल्या निमगावचा काय संबंध, असे काल आमच्या घरीच मला विचारले. संबंध आहे. आपल्या पानमळ्यातील पानावर आमच्या घरी जी सुपारी पडते, ती श्रीवर्धनची. माझी नणंद तिकडेच दिली आहे. वीस गुंठ्यांची वाडी. सुपारी आणि नारळ.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर चढले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वन्सं सांगतात, "वहिनी, वारा पडल्यावर दार उघडले तर ओटीवरून समुद्र दिसला! लग्न होऊन आल्यापासून कधी दिसला नव्हता. मध्ये वाडी होती ना." पुढे महिनाभर घरात दिवा नव्हता.

सरकारने मदत दिली नाही असे नाही. आधी बागेला हेक्टरी ५०,००० रुपये ठरले. पण कोकणात वाडी गुंठ्यांची. वीस गुंठ्यांचे दहा हजार होतात. ओरड झाली तेव्हा झाडामागे हिशेब धरला, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर त्या बाईने चूल कशावर पेटवायची, हे कोणी मोजले नाही.

एकदाच घडले असते तर दैव म्हटले असते. पण पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आले. पुण्यात पाषाणला हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ सांगतात की अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि त्यामुळे वादळे वाढली आहेत. आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरात गावात पाणी शिरून माणसे बाहेर काढावी लागली, ते आपण विसरलेलो नाही.

सरकारने मनावर घेतले तर होते. ओरिसात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. नंतर तेथे पक्के निवारे बांधले, गावोगाव इशारा पोचवण्याची सोय केली. २०१३ मध्ये तसेच मोठे वादळ आले, तेव्हा लाखो माणसे आधीच हलवली आणि बळी पन्नासाच्या आत राहिले. मग आपल्या कोकणात प्रत्येक किनाऱ्याच्या गावाला निवारा का नको? विजेच्या तारा जमिनीखालून का नकोत? आणि झाड गेले तर नवे झाड फळाला येईपर्यंत वर्षाला काही ठरावीक मदत का नको?

एवढ्या तीन मागण्यांचा अर्ज मी लिहून आणला आहे. अक्षर माझे आहे, हसू नका. तो मंत्रालयात धाडायचा आहे. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवला आहे. पान-सुपारी घेताना सही करून जावे. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याची शाईही आणली आहे.