एका प्रश्नाची चार कपाटे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वास्तूत लहानपणी चपला बाहेर काढून, पावले न वाजवता शिरावे लागे, तिथेच आज मोठ्याने बोलण्याची मला परवानगी मिळाली आहे. सवय नसल्यामुळे आवाज थोडा दबका लागला तर क्षमा असावी.

मी जन्मभर ह्या बडोद्यात जीवरसायनशास्त्र शिकवले. संयोजकांनी ‘विज्ञानातील संशोधन’ असा ऐसपैस विषय दिला. तो मी माझ्या सोयीने आवळून एकाच प्रश्नापाशी आणला आहे. कान ऐकतो कसा? हा प्रश्न निवडण्याचे कारण घरगुती आहे आणि ते आधीच सांगून टाकतो.

१९५४ साली माझ्या आईला क्षयाची बाधा झाली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. एका आरोग्यधामात तिला कित्येक महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनच्या जातीची इंजेक्शने दिली गेली. फुप्फुसे बरी झाली, वजन वाढले, आणि ती घरी आली तेव्हा तिला अंगणातला कावळा ऐकू येत नव्हता. पुढे माणसेही ऐकू येईनाशी झाली. इथल्या ग्रंथपालांनी तिच्या नावे आठवड्याला दोन पुस्तके माझ्या हाती देण्याचा परिपाठ ठेवला. तो सुमारे तीस वर्षे चालला. तिच्याशी बोलणारे जग बव्हंशी ह्या इमारतीतून तिच्याकडे जाई. औषधाने जीव वाचवला आणि कान नेले. हे कसे घडते, ते मला पुढे रसायनशास्त्राकडे वळल्यावरही कोणी एका पुस्तकात दाखवू शकले नाही.

ह्याचे एक कारण ग्रंथालयातच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन ह्यांना बोलावले आणि त्यांनी बडोद्यातील ग्रंथालयांसाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धती रचली, हे आपण जाणताच. वर्गीकरणाचा धर्मच असा, की पुस्तकाला एकच जागा मिळते. माझा प्रश्न मात्र चार कपाटांत विखुरलेला होता. गणित एका टोकाला, शरीरशास्त्र मधे, रसायन त्याच्या पलीकडे आणि भाषाशास्त्र जिन्याखाली. (भाषाशास्त्र नेहमी जिन्याखालीच का असते, ह्यावर वेगळे व्याख्यान ठेवावे.)

आरंभ गणितापासून करतो. कितीही गुंतागुंतीचा ध्वनी हा साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. फ्रेंच गणिती फूरिये ह्यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथातील गणित त्यासाठी उपयोगी पडते. १८६३ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांनी म्हटले, की कान हेच काम करतो. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचे आधारपटल एका टोकाला तार स्वरांना आणि दुसऱ्या टोकाला मंद्र स्वरांना दाद देते, जणू आत एक पियानो उलगडून ठेवलेला आहे. हंगेरीचे बेकेशी ह्यांनी मृतांच्या कानांत हे पटल प्रत्यक्ष हलताना पाहिले. त्यावरून लाट उठते, पुढे सरकते आणि स्वरानुसार ठरलेल्या जागी सर्वांत उंच होते. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले.

तो सुटला नव्हता, हे एका तरुणाने १९४८ सालीच सांगून ठेवले होते. थॉमस गोल्ड हा मूळचा व्हिएन्नाचा, युद्धकाळात रडारवर काम केलेला माणूस. केंब्रिजमध्ये त्याने कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब केला. कॉक्लिया द्रवाने भरलेली आहे. सतार पाण्यात बुडवून छेडली तर तार क्षणात निमते, तिला स्वर धरता येत नाही. मग पाण्यात बुडालेला कान जवळजवळचे दोन स्वर इतके नेमके वेगळे कसे करतो? गोल्डचे उत्तर असे, की कानात कुठेतरी शक्ती ओतली जात असली पाहिजे. गेलेले कंपन परत भरून काढणारी यंत्रणा आत असली पाहिजे, रेडिओतल्यासारखी. आणि तसे असेल तर ती यंत्रणा कधीकधी स्वतःहून गुणगुणेल, आणि कानाबाहेर ध्वनी सापडेल. त्याने तो शोधण्याचा प्रयत्न केला, सापडला नाही. बेकेशींना ही कल्पना पटली नाही. गोल्ड खगोलशास्त्राकडे निघून गेला. बेकेशींचा दोष म्हणावा तर तो एवढाच, की त्यांचे कान मृतांचे होते. गोल्डची यंत्रणा जिवंतपणीच चालते.

तीस वर्षांनी, १९७८ साली लंडनचे डेव्हिड केम्प ह्यांनी कानात बारीकसा ‘टिक्’ आवाज सोडला आणि काही सहस्रांश सेकंदांनी कानातून परत आलेला प्रतिसाद ध्वनिग्राहकाने टिपला. कान बोलत होता. १९८५ साली विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी त्या बोलण्यामागची पेशी दाखवली. मनुष्याच्या प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आंतर केशपेशी आणि सुमारे बारा हजार बाह्य केशपेशी असतात. मेंदूला निरोप पाठवतात त्या मुख्यतः आंतर पेशी. मग तिपटीहून अधिक संख्येच्या बाह्य पेशी काय करतात? विजेचा दाब बदलला की त्या लांबीने आखूड-लांब होतात, अक्षरशः नाचतात, आणि त्या नाचाने पटलाला धक्का देत राहतात.

इथे माझे कपाट आले. २००० साली अमेरिकेत पीटर डॅलोस ह्यांच्या प्रयोगशाळेने बाह्य पेशींत क्रियाशील असणारी आणि आंतर पेशींत नसणारी जनुके चाळून काढली. त्यांतून एक प्रथिन हाती आले. संगीतातील ‘प्रेस्टो’, म्हणजे आपल्या भाषेत अतिद्रुत, ह्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले प्रेस्टिन. ह्या प्रथिनाचे सगेसोयरे पेशीच्या आवरणातून ऋणभारित कण ने-आण करणारे हमाल आहेत. त्यांच्यातील एकाने हमाली जवळजवळ सोडून नृत्य पत्करले, असे म्हणावयास हरकत नाही. क्लोराइडचा कण त्याला अजूनही लागतो. अ‍ॅस्पिरिनपासून बनणारे सॅलिसिलेट ती क्लोराइडची जागा अडवते. म्हणूनच संधिवातासाठी भरपूर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना तात्पुरते कमी ऐकू येई. वैद्यांना हे ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. आणखी एक गंमत २०१० साली कळली. प्रतिध्वनीवर शिकार करणारी वटवाघळे आणि डॉल्फिन ह्यांच्या प्रेस्टिनमध्ये सारखेच बदल स्वतंत्रपणे घडले आहेत. केवळ ह्या एका प्रथिनावरून वंशावळ काढली, तर वटवाघूळ डॉल्फिनच्या शेजारी जाऊन बसते.

आता आईच्या इंजेक्शनाकडे येतो. स्ट्रेप्टोमायसिन जंतूंच्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रावर, रायबोसोमवर घाला घालते. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया फार पूर्वी जंतूच होते, असे आज मानले जाते, आणि त्यांचे रायबोसोम अजून जंतूंसारखे आहेत. औषध केशपेशीत शिरते आणि तिथे रेंगाळते. स्ट्रेप्टोमायसिनने प्रामुख्याने शरीराचा तोल जातो, तर त्याच्याच डायहायड्रो ह्या भावंडाने ऐकणे जाते. तेव्हा दोन्ही वापरात होती. मेलेली केशपेशी पक्ष्यांत पुन्हा उगवते, हे १९८० च्या दशकात दिसून आले. माणसात ती उगवत नाही.

१९९३ साली ह्या कथेला आणखी एक वळण मिळाले. मायटोकाँड्रियाच्या जनुकद्रव्यात १५५५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल असला, की त्या व्यक्तीचा रायबोसोम जंतूच्या रायबोसोमसारखा अधिकच होतो, आणि थोड्याशा औषधानेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. हा बदल केवळ आईकडून मुलांकडे जातो. वाचल्यावर मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्याकडून तो पुढे जाणार नव्हता, परंतु माझ्या बहिणीला दोन मुली आहेत. आम्ही तपासणी करवून घेतली. तो दोष आमच्या घराण्यात नाही. आईचे कान केवळ मात्रेने गेले होते. त्याला समाधान म्हणावे की नाही, मला आजवर ठरवता आलेले नाही.

धाकट्या भाचीला मूल झाले तेव्हा मी रुग्णालयात होतो. नवजात बाळाला लागण झाल्याची शंका होती आणि जेंटामायसिन हे त्याच कुळातील औषध द्यावयाचे होते. तपासणीचा कागद माझ्या खिशात होता, तो मी डॉक्टरांना दाखवला. औषध मोजून दिले गेले. घरी सोडण्यापूर्वी एका मुलीने बाळाच्या कानात रबरी बोंडूक बसवले, यंत्राचे बटण दाबले आणि म्हणाली, “आजोबा, आता बोलू नका हं.” पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटली. तो केम्पचा प्रतिध्वनी होता. गोल्डने कागदावर मांडलेले आणि त्याला न सापडलेले ते गुणगुणणे दोन दिवसांच्या बाळाच्या कानातून येत होते. “दोन्ही कान छान आहेत,” ती म्हणाली, आणि पुढच्या पाळण्याकडे गेली.

मित्रहो, कान शाबूत असला म्हणजे भाषा ऐकू येते, असे मात्र नाही. आपल्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्ण लावले ते मुखाच्या हिशेबाने: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. वर्ण कानाला कसा वेगळा होतो, हे मोजण्याची साधने विसाव्या शतकात आली. १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन ह्या अमेरिकन संशोधकांनी अकरा भाषांतील स्पर्शवर्ण मोजले. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती सहस्रांश सेकंद जातात, एवढ्या एका मापाने बहुतेक भाषांतील वर्ण सुटे झाले. अडले ते हिंदी आणि मराठीपाशी. ब आणि भ, द आणि ध हे त्या मापाने वेगळे होईनात, कारण दोन्हींत कंप आधीच सुरू झालेला असतो. ह्या अडचणीचा मला, विज्ञाननिष्ठा बाजूला ठेवून, थोडा अभिमान वाटतो.

आपण बडोदेकर तर त्याहून पुढे आहोत. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा, आणि तोच शब्द स्वरात थोडा श्वास मिसळून उच्चारला तर ‘बाहेर’. डेन्मार्कच्या एली फिशर-यॉर्गनसन ह्यांनी १९६७ साली गुजरातीतील असे सश्वास स्वर मोजून दाखवले. नव्याने आलेला पुणेकर भाजीवाल्यापाशी त्यातच फसतो. उलट आपली नातवंडे मराठीतील दोन ‘ज’ गमावून बसली आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. लिपीत भेद नाही, तो केवळ कानावर चालत आलेला आहे. १९८४ साली वर्कर आणि टीस ह्यांनी कॅनडात दाखवले, की इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट वेगळे ऐकू येतात, आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता मावळते. केशपेशी सगळ्या जाग्यावर असतात. घरात जे ऐकू येत नाही, ते मेंदू सोडून देतो. म्हणून त्या बाळाशी मी मुद्दाम दोन्ही ‘ज’ असलेली वाक्ये बोलत असे. भाची म्हणे, “मामा, ते झोपलंय.”

आईकडे ह्यांतले काहीच नव्हते. ती ओठ वाचीत असे आणि त्यात ती विलक्षण तरबेज झाली होती. परंतु प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठांवर एकसारखेच दिसतात. त्यांतला भेद नाकात आणि गळ्यात असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. शाळेतून येऊन मी दारातून “मामा आले” म्हटले, की ती वडिलांसाठी पाट मांडी, आणि “बाबा आले” म्हटले, की मामांच्या आवडीचे लाडू काढी. शेवटी आम्ही तोड काढली. मामांना भरघोस मिशा होत्या. ते आले, की मी न बोलता नाकाखाली दोन बोटे फिरवून दाखवीत असे.