पूर्ण हजेरीचे बक्षीस
(मोहोपाडा येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आताच या व्यासपीठावरून आपल्या समाजातील गुणी मुलांचा गौरव झाला. वर्षभरात एकही दिवस शाळा न चुकविणाऱ्या मुलांनाही बक्षिसे देण्यात आली. त्या मुलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो; परंतु त्याच बक्षिसाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. माझे बोलणे कोणास अप्रिय वाटल्यास त्यांनी उदार मनाने क्षमा करावी.

माझे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. एका पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक मुलगा अंगात कणकण असताना शाळेत आला. हजेरीत खाडा पडू नये म्हणून आईने सकाळी तापाची गोळी देऊन त्यास पाठविले होते. मी त्यास घरी पाठवावयास हवे होते. उलट साऱ्या वर्गासमोर त्याची पाठ थोपटली. चार दिवसांत बाके रिकामी पडू लागली. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या घरी दम्याने जर्जर झालेली आजी होती. तिलाही ताप येऊन रुग्णालयात न्यावे लागले. ती बरी होऊन परतली, हे माझे भाग्य. परंतु त्या शाबासकीची रुखरुख मला आजही आहे.

गोळीने ताप उतरतो, रोगजंतू मरत नाहीत, एवढी साधी गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. खोकताना व शिंकताना उडणाऱ्या तुषारांवाटे ते दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. म्हणून औषध न घेता पूर्ण 24 तास ताप नसेल, तरच मुलास शाळेत धाडावे. जुलाब-वांत्या थांबल्यावर आणखी दोन दिवस घरी ठेवावे. कांजिण्यांत प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस आणि गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलास इतर मुलांत मिसळू देऊ नये.

हे नियम आपणांस परके नाहीत. कांजिण्या निघाल्या की आपल्या आज्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत आणि परक्यास आत येऊ देत नसत. त्यांची समजूत काहीही असो, आचार हिताचा होता. मात्र आजाऱ्यास वेगळे ठेवणे म्हणजे त्यास टाकणे नव्हे. 1897 साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी शहराबाहेर हडपसरजवळ दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे नेत व त्यांची शुश्रूषा करीत. त्यातच प्लेगची बाधा होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या निवर्तल्या. रोगी वेगळा ठेवावा, पण त्यास एकटा पडू देऊ नये, हा धडा त्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला.

तथापि केवळ घरी ठेवण्याने भागत नाही. गोवर पुरळ दिसण्यापूर्वीच चार दिवस पसरू लागतो; त्यास लस हाच उपाय. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि लहान बालके दगावली. त्यांतील अनेकांना लस मिळालेली नव्हती. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच व दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. पाचव्या-सहाव्या वर्षी, पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी घटसर्प आणि धनुर्वात यांवरील लस येते. मूल मोठे झाले म्हणून ती विसरू नये. सरकारी आरोग्य केंद्रात या लसी विनामूल्य मिळतात.

जुलाब, कावीळ व विषमज्वर यांचे मूळ बहुधा हातांत आणि पाण्यात असते. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने 20 सेकंद हात चोळून धुवावेत. नुसते पाण्याखाली धरल्याने हात स्वच्छ होत नाहीत. आपल्याकडील पावसाळ्यात विहिरीचे व नळाचे पाणी गढूळ झाले की ते गाळून, खळखळून उकळून प्यावे. हंड्यावर झाकण असावे आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. पेला बुडविला की बोटेही बुडतात. तरीही जुलाब झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजीत राहावे. मूल मलूल झाले वा त्यास पाणीही ठरेना, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

आता खरी अडचण सांगतो. आपल्या कित्येक भगिनी पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांत पाळीवर जातात. खाडा पडला की त्यांचा पगार कापला जातो. मग तापलेल्या मुलास गोळी देऊन शाळेत पाठविणाऱ्या मातेस दोष देण्याचा अधिकार आपणांस काय? तिच्या मुलाजवळ बसावयास कोणी वडीलधारे माणूस नसेल, तर ते मिळवून देणे हे ज्ञातीचे काम आहे. लग्नकार्यात आपण एकमेकांच्या घरी धावून जातो. तापाच्या दोन दिवसांतही जाऊ या. आम्हां निवृत्त मंडळींपाशी वेळ आहे. यादीत पहिले नाव माझे घालावे.

आणि कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना अशी की, पुढील वर्षापासून पूर्ण हजेरीचे बक्षीस बंद करून, आजारपणात घरी राहिलेला व बुडालेला अभ्यास नेटाने भरून काढलेला विद्यार्थी आणि त्यास आपली वही देणारा त्याचा सोबती, अशा दोघांचा गौरव करावा. त्या दिवशी टाळ्या वाजविण्यास मी पहिल्या रांगेत बसेन.